होकार कळवण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी अजिंठा चौफुलीवर होतो, गाडीत पॅसेंजर बसलेले, म्हणून नीट बोलता आलं नाही. विमान दुरुस्तीचं शिक्षण संपत नाही तोच एका विमान कंपनीकडून नोकरीसाठी बोलावणं आलं, याचा मला आणि तुझ्या आईला फार आनंद आहे. पण तू म्हणालीस, "पप्पा, त्यांची विमानं फुल्ल जातात, मग भीती कसली?" ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. म्हणून लिहायला बसलो.

२३ डिसेंबर २०१७ आठवतो का? आपल्या जळगावच्या, कुसुंब्याच्या विमानतळावरून एअर डेक्कनचं मुंबईचं पहिलं विमान उडालं तेव्हा आपण दोघं कुंपणाबाहेर उभे होतो. तू नववीत होतीस. बीचक्राफ्ट १९००डी, म्हणजे आपल्या मिनीबसएवढी माणसं घेणारं विमान. दोन्ही बाजूंना एकेकच सीट, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी. लहान शहरांना स्वस्तात विमानानं जोडायच्या सरकारच्या 'उडान' योजनेत तासाभराच्या प्रवासाला ठरावीक सीटचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं. घरी येताना तू एक शब्द बोलली नाहीस, नुसती वर बघत होतीस. तुझी ही वाट तिथूनच सुरू झाली असं मी मानतो.

माझीही एक वाट तिथूनच सुरू झाली. पर्यटक इथे उतरतील आणि अजिंठ्याच्या लेण्यांना जायला त्यांना गाडी लागेल, असा हिशेब करून मी कर्जावर पिवळ्या पाटीची गाडी घेतली. हिशेब माझा चुकला. विमान भरून आलं तरी अठरा माणसं, त्यातले निम्मे इथलेच, त्यांना घ्यायला घरचे येणार. अठरा सीटवर मी पाच वर्षांचे हप्ते बांधले होते.

कंपन्यांचंही तेच होतं, हे मला नंतर उमगलं. विमान लहान असो की मोठं, पायलट दोन लागतात. मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी चालते. तिथे अठरा जणांचं विमान जेवढा वेळ अडवतं, जवळपास तेवढ्याच वेळात एकशेऐंशी जणांचं उतरतं. मग लहानाला सोयीची वेळ कोण देणार? रात्री आठला गाडीत बसलं की पहाटे मुंबई, ही सोय जळगावकराला रेल्वेनं कधीपासून दिलेली आहे. विमानानं त्याचा दिवस वाचायला हवा, आणि विमान सोयीच्या वेळी असलं तरच तो वाचतो. त्यात कंपनीकडे मोजकीच विमानं असली, की एक दुरुस्तीला उभं राहिलं तरी अख्खं वेळापत्रक कोसळतं. दोनदा असं झालं की व्यापारी माणूस पुन्हा स्टेशनवर. उडानमध्ये सरकार तूट भरून देतं, पण तीन वर्षं. त्यानंतर आपल्या पायावर.

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनात, एअर डेक्कननं सेवा थांबवली आणि कामगारांना बिनपगारी रजेवर पाठवलं. त्याआधी २०१९ मध्ये हैदराबादची ट्रूजेट जळगावात आली होती, मुंबई आणि अहमदाबादला जायची. तीही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. आणि याच नावाची आधीची, जुनी एअर डेक्कन तर याहून मोठी होती. कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये सुरू केली, एक रुपयाच्या तिकिटानं देशभर नाव झालं. चाळीसहून जास्त विमानं, सीट भरलेल्या. पण तिकिटातून खर्च निघत नव्हता. २००७ मध्ये विजय मल्ल्यांनी ५५० कोटींना २६ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या वर्षी ती त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीत विलीन झाली, आणि २०१२ मध्ये किंगफिशरच उडायची थांबली. गोपीनाथांना मी दोष देत नाही. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसावा, ही त्यांची इच्छा खरी होती आणि ती मला आजही मोठी वाटते.

आता तुझं. जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण होकार कळवण्याआधी त्यांना विचार, विमानं किती, त्यातली रोज उडतात किती. पगार गेल्या वर्षभरात कोणत्या तारखेला झाला, हे साहेबांना विचारू नकोस, तिथे काम करणाऱ्या तुझ्याच वयाच्या पोरांना विचार. बाँड किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे, ते लिहून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात कोणत्या विमानावर बसणार? एटीआर, म्हणजे ते पंख्याचं मध्यम विमान, असेल तर बिनधास्त शिक. ट्रूजेटकडे तीच होती, इंडिगोकडे आहेत, अलायन्स एअरकडे आहेत, आणि २०२४ पासून आपल्याकडे गोवा-हैदराबाद-पुण्याला जाणाऱ्या फ्लाय ९१ चीही तीच. कंपनी बुडाली तरी ती विद्या दुसऱ्या दारात चालते. देशात चार-दोनच असलेल्या विमानावर तीन वर्षं बांधून घेत असतील, तर थांब.

माझ्या गाडीचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. तिनंच तुझी फी भरली, लेण्यांची भाडी आणि लग्नाच्या वराती करून. तेव्हा पैशाची घाई म्हणून कुठे सही करू नकोस, दोन-तीन महिने घरी थांबलीस तरी चालेल. वांगी आली आहेत, आई भरीत लावणार आहे.

रविवारी फर्दापूरची फेरी आहे, नऊनंतर फोन कर. त्याआधी विमानांचा आकडा काढून ठेव.

तुझे,
पप्पा