भंगारवाल्याआधी त्यांच्या मित्रांना बोलवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी लष्करी वाहने जपणाऱ्यांविषयी वर्तमानपत्रांत एरवी जे येते, ते संचलनातल्या एखाद्या छायाचित्रापुरते आणि त्याखालच्या दोन ओळींपुरते असते. पाहणाऱ्याचा समज असा होतो की हा सवड आणि पैसा दोन्ही असलेल्या माणसाचा एकट्याचा षोक आहे. मी या छंदात बावीस वर्षे आहे, आणि माझ्या जीपमध्ये दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही असा भाग शोधून काढायचा म्हटले तर मला बराच वेळ लागेल. तरीही हे पत्र आमच्या मंडळींची स्तुती करण्यासाठी लिहिलेले नाही. ही देवाणघेवाण निव्वळ ओळखीवर आणि आठवणीवर चालते, आणि एखादा माणूस गेला की तिचा धागा दोन दिवसांत कसा तुटतो, ते मी नुकतेच पाहिले. त्याविषयी अशा छंदिष्टांच्या कुटुंबीयांना, आणि थोडेसे छंदिष्टांनाही, काही सांगायचे आहे.

मी बोलतो आहे ते प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धातल्या पाव टनी जीपविषयी. अमेरिकन सैन्याने १९४० साली हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, तेव्हा बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. नमुना पसंत पडला, पण एवढी छोटी कंपनी हव्या तितक्या गाड्या देऊ शकेल असा भरवसा सैन्याला वाटेना, म्हणून तिची रेखाचित्रे विलिस आणि फोर्ड या मोटार कंपन्यांच्या हाती गेली. (बँटमच्या बाजूने पाहिले तर याला कोणी औदार्य म्हणणार नाही.) पुढे विलिसची रचना प्रमाण ठरली, फोर्डने तिच्याच बरहुकूम गाड्या बांधायला घेतल्या, आणि १९४५ पर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. सैन्याची अट अशी होती की एकीचे सुटे भाग दुसरीला बसले पाहिजेत.

आमच्या छंदातली निम्मी मैत्री त्या अटीतून जन्माला आली आहे, असे मी म्हणेन. फोर्डने आपल्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. आघाडीमागच्या दुरुस्तीतळावर मात्र ते अक्षर पाहायला कोणाला सवड नव्हती. हाताशी येईल तो भाग लावायचा आणि गाडी पुन्हा रवाना करायची. त्यामुळे आज एखादी जीप उघडावी तर पुढची आडवी पट्टी गोल नळीची, म्हणजे चेसी (खालचा सांगाडा) विलिसची, आणि तिच्यावरचे अर्धे सामान फोर्डचे, असा प्रकार नेहमीचा. माझ्या विलिसमधून ‘एफ’ची छाप असलेले एकोणीस बोल्ट निघाले. मला त्यांचा काही उपयोग नव्हता, पण परदेशातला एक गृहस्थ आपल्या फोर्डसाठी नेमके तेच शोधत होता. पत्रव्यवहारापलीकडे आमची ओळख नव्हती. मी ते बोल्ट रॉकेलमध्ये धुतले, कापडात गुंडाळले आणि पाठवून दिले. किंमत त्याने विचारली नाही आणि मीही काढली नाही. चारेक महिन्यांनी त्याच्याकडून एक लहानसे खोके आले, त्यात कार्टर कार्ब्युरेटरचा फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, होता आणि एक ओळ होती: पेट्रोल ओसंडून वाहते असे तुम्ही पहिल्या पत्रात लिहिले होते. मी तसे लिहिल्याचे माझे मलाच आठवत नव्हते.

मात्र सुटा भाग देणे हे या औदार्याचे सोपे रूप आहे, असे माझे मत आहे. भाग शेवटी विकतही मिळतो. काही भाग तर आजही नव्याने बनवले जातात. अवघड आहे ते ज्ञान देणे, कारण त्यासाठी माणसाला स्वतः यावे लागते आणि आपला रविवार घालवावा लागतो. या जीपची सरकारी देखभाल-पुस्तिका, टीएम ९-८०३, १९४४ सालची आहे आणि ती उत्तम आहे, पण ती प्रशिक्षण घेतलेल्या सैनिकासाठी लिहिलेली आहे; ज्याने गाडी आवडली म्हणून घेतली आणि पाना नंतर विकत घेतला, अशा माझ्यासारख्या कारकुनासाठी नव्हे. पहिल्याच वर्षी मागचे डावे चाक काढायला बसलो. नट हलेना. पान्यावर नळी चढवली, नळीवर उभा राहिलो आणि स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला. दुसऱ्या नटाशी तेच केले आणि दुसराही तुटला. त्या संध्याकाळी ज्यांना मी फोन केला ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले निवृत्त फिटर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. काका आले, खाली बसले, उरलेल्या नटावर पाना ठेवून माझा हात त्यावर ठेवला आणि मी आजवर फिरवत होतो त्याच्या उलट दिशेने ढकलला. नट सुटला. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. पुस्तिकेत ते असणारच. मी ते पान वाचले नव्हते.

पुढच्या रविवारी काका आपल्या साठ्यातले दोन स्टड घेऊन आले आणि आम्ही ते बसवले. पण निघण्याआधी त्यांनी जे दाखवले त्याचे मोल मला नंतर कळले. लष्करी जीपची रिम दोन भागांची असते आणि ते दोन भाग नटबोल्टने एकमेकांना जोडलेले असतात. चाक गाडीला धरणारे नट वेगळे आणि रिमचे हे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना चुकून रिमचे नट सैल केले, तर रिमचे अर्धे तुटल्यासारखे उडून समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. काकांनी मला आधी व्हॉल्व्हचा गाभा काढायला लावला, मग हवेचा आवाज थांबल्यावरही त्या भोकातून बारीक तार आत घालायला लावली, कारण आत चिखल अडकला असेल तर आवाज थांबतो पण हवा राहते. तार सहज आत गेली, तेव्हाच त्यांनी पान्याला हात लावू दिला. पैशांचा विषय काढल्यावर त्यांनी दुसरेच काही मागितले: माझा तुटलेला स्टड. तो त्यांनी आपल्या शेडमध्ये दोऱ्याने टांगून ठेवला आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला आधी तोच दाखवला. खाली चिठ्ठी होती, ‘डावे चाक’. माझे नाव नव्हते, हा त्यांचा सभ्यपणा.

अशी माणसे सगळीकडे आहेत. दरवर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, १९४४ साली दोस्त सैन्य तिथे उतरले त्याच्या स्मरणार्थ, अनेक देशांतले छंदिष्ट गाड्या घेऊन जमतात. तिथेही वाटेत एक गाडी थांबली की मागची थांबते. त्याला साधे व्यावहारिक कारणही आहे. या जीपची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची आहे, त्यामुळे कॉइल जळाली किंवा दिवा गेला तर येणारा-जाणारा भला माणूस आपल्या आजच्या गाडीतून काही काढून देऊ शकत नाही. जो देऊ शकतो तो तुमच्यासारखाच दुसरा वेडा. जीएमसी या अमेरिकन कंपनीचा त्याच युद्धातला अडीच टनी ट्रक असेल तर विचारायलाच नको. त्याचा गिअरबॉक्स उतरवणे हे एकट्याचे काम नव्हे, आणि ज्याची शेड मोठी त्याच्या शेडमध्ये दुसऱ्याचा ट्रक दोन-दोन वर्षे उभा राहतो.

आमच्यात सगळेच असे आहेत असा दावा मी करणार नाही. सुट्या भागांवर नुसते बसून राहणारे आहेत, बघायला म्हणून नेलेली वस्तू परत न करणारे आहेत, आणि नव्याने घडवलेली नामपट्टी जुनी म्हणून खपवणारेही आहेत. नव्या पट्टीला माझा विरोध नाही, माझ्या डॅशबोर्डावरही एक आहे; विचारल्यावर खोटे बोलणाऱ्याला आहे.

आता मूळ मुद्दा. काका गेल्या वर्षी गेले. आम्ही मित्रमंडळी दिवस झाल्यावर भेटायला जाऊ असे ठरवले होते, कारण दुःखाच्या घरात सामानाचा विषय काढणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. गेलो तेव्हा शेड रिकामी होती. घर सोडायचे होते, मुलांना परत जायचे होते, आणि शेडमधले सगळे लोखंड दोन दिवसांत वजनावर विकले गेले होते. मुलांना मी अजिबात दोष देत नाही. गंजलेल्या दात्याच्या चक्राकडे पाहून ते जीपच्या टी-८४ गिअरबॉक्सचे आहे आणि त्यासाठी कोणीतरी तीन वर्षे वाट पाहतो आहे, हे कोणाला कळावे? शिवाय त्या ढिगातले बरेचसे काकांचे नव्हतेच. एकाचा डिस्ट्रिब्युटर दुरुस्तीला आला होता, एकाचा ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) नुसता ठेवायला दिला होता, आणि काकांच्या स्वतःच्या वस्तू चार-पाच जणांकडे होत्या, त्या आम्ही नंतर परत नेऊन दिल्या. आमच्यात पावती देण्याची पद्धत नाही. ती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आम्ही आजवर अभिमानाने सांगत आलो. हिशेब होता तो काकांच्या एका वहीत. ती रद्दीत गेली.

म्हणून कुटुंबीयांना माझी विनंती आहे की शेडला महिनाभर कुलूप राहू द्यावे आणि भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी गेलेल्या माणसाच्या फोनमधल्या एका तरी छंदातल्या मित्राला बोलवावे. तो एका दिवसात सांगेल की भंगार कोणते, उसने कोणते आणि किंमत असलेले कोणते. यात घरच्यांनी काही फुकट द्यावे अशी अपेक्षा नाही. उलट वजनावर जे मिळाले असते त्याच्या कितीतरी पट अधिक मिळेल. आणि असा फोन ज्याला येईल त्याने हेही लक्षात ठेवावे की समोरच्याला किंमत ठाऊक नाही म्हणून ती कमी होत नाही. मित्राच्या पश्चात त्याच्या पत्नीकडून भंगाराच्या भावाने इंजिन उचलणारा एक गृहस्थ मला माहीत आहे, आणि त्यानंतर त्याच्या गाडीला धक्का द्यायला कोणी गेले नाही, हेही मला माहीत आहे.

राहता राहिलो आम्ही. उदारपणाने दिलेल्या वस्तूची नोंद ठेवायला आम्हाला संकोच वाटतो, तो आता सोडला पाहिजे. गेल्या महिन्यात मी माझ्या शेडमधले सगळे डबे खाली काढले आणि प्रत्येकात काय आहे, कुठल्या गाडीचे आहे आणि ते मुळात कोणाचे आहे, हे मुलीकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन चिकटवले, कारण माझे अक्षर माझ्या पश्चात कोणाला लागणार नाही. डबे एकतीस निघाले. त्यांतले नऊ माझे नाहीत, आणि दोन कोणाचे आहेत ते मला अजून आठवलेले नाही.

आपला,
एक वाचक