पडद्याच्या तळाशी उमटलेल्या दोन ओळींसाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी अशा माणसांच्या, चळवळीच्या इतिहासावरचा माहितीपट आपण सर्वांनी एकत्र बसून पाहिला, त्याला आज आठ दिवस झाले. कार्यक्रम संपल्यावर आभार मानण्यासाठी आम्ही आपल्याला शोधत होतो, तोवर आपण निघून गेला होतात. आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली इच्छा मी पाळतो आहे. पण आपण जे काम केलेत ते त्या दिवशी तिथे असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही कळावे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मागच्या वेळी आम्ही असाच एक माहितीपट दाखवला होता, तेव्हा साठी-सत्तरीतली मंडळी मध्यंतरातच उठून गेली आणि त्यांना या विषयात रस नसावा, असे आम्ही ठरवून मोकळे झालो. माहितीपट इंग्रजीत होता आणि त्यातली माणसे भराभर बोलत होती, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. ती आपण आणून दिलीत, आणि तेवढ्यावर न थांबता मराठी सबटायटल्स लिहून देण्याचे कामही स्वतःकडे घेतलेत. पुढचे सहा आठवडे आपण दुरेघी वही, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसलात. प्रत्येक ओळ लिहून झाली की ती सावकाश मोठ्याने वाचायची आणि पडद्यावर ती टिकेल त्या वेळात वाचून झाली नाही, तर पुन्हा खोडून लहान करायची, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. खोडरबराने त्या वहीची काही पाने अक्षरशः विरली आहेत.

शब्दांवरून आपले आणि आमचे अनेकदा मतभेद झाले. जुन्या चित्रफितींत डॉक्टर समलिंगी माणसांविषयी जे बोलतात, तिथे आपण सरळ ‘विकृती’ हा शब्द लिहिलात. तरुण मुलांना तो वाचून त्रास होईल, म्हणून मी तो सौम्य करायला सांगत होतो. आपण म्हणालात, की ज्यांनी हा शब्द आयुष्यभर ऐकला त्यांच्यासमोर तो झाकून ठेवणे म्हणजे त्यांना काही सोसावेच लागले नाही असे सांगण्यासारखे आहे. आपले म्हणणे बरोबर होते. निवेदकाच्या तोंडी मात्र आपण तो शब्द एकदाही येऊ दिला नाहीत. ‘कमिंग आउट’, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे उघड करणे, याचा ‘कपाटातून बाहेर येणे’ हा शब्दशः अनुवादही आपण ठामपणे नाकारलात आणि तिथे ‘घरी सांगणे’ असे लिहिलेत. आमच्यातली मुले एकमेकांना हेच विचारतात: घरी सांगितलेस का?

‘विकृती’ ठेवण्यामागचे कारण मला जॉन फ्रायर यांच्या प्रसंगात पूर्णपणे कळले. मे १९७२ मध्ये डॅलस येथे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले होते आणि त्या काळात त्यांच्या अधिकृत यादीत समलैंगिकता हा मानसिक विकार होता. तिथे एक डॉक्टर रबरी मुखवटा, केसांचा टोप आणि अंगाला ढगळ होणारा सूट घालून, आवाज बदलून टाकणाऱ्या माइकसमोर बसला आणि आपण समलिंगी आहोत व मानसोपचारतज्ज्ञही आहोत, असे त्याने आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितले. नाव कळले असते, तर नोकरी गेली असती. त्याच व्यासपीठावर समलिंगी हक्कांसाठी लढणारे बार्बरा गिटिंग्ज आणि फ्रँक कॅमेनी स्वतःच्या नावाने, उघड्या चेहऱ्याने बसले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, संघटनेने समलैंगिकता त्या यादीतून काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती निघायला १७ मे १९९० उजाडावे लागले. मुखवट्यामागचा माणूस आपणच होतो, हे फ्रायर यांनी जाहीरपणे सांगितले ते १९९४ मध्ये. या प्रसंगाच्या शेवटी पडद्यावर आपली ओळ आली, ‘बावीस वर्षे त्यांनी हे नाव सांभाळले’, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून हातात धरला आणि बराच वेळ परत घातला नाही.

कॅमेनी यांच्याविषयीचा भाग मला आणखी मोठा हवा होता. १९५७ मध्ये समलिंगी असल्याच्या कारणावरून सरकारी नोकरीतून काढलेला हा खगोलशास्त्रज्ञ १९६५ मध्ये सूट-टाय घालून व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभा राहतो आणि २००९ मध्ये सरकार त्याची अधिकृतपणे माफी मागते. माहितीपटाने हे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकले. आपण मात्र तेवढ्यातही तिन्ही सालांना जागा करून दिलीत. शेवटच्या भागात निरनिराळ्या देशांतील न्यायालयांचे निकाल येतात, त्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकालही आहे. तिथली कायद्याची भाषा आपण इतकी सोपी केलीत की एका आईने नंतर ती ओळ माझ्याकडून लिहून घेतली.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र खरे तर लिहायला घेतले, त्याकडे येतो. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी शिवलेले १,९२० तुकडे पसरण्यात आले. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. जिवलगांनी ते शिवले होते, त्यांवर नावे टाचली होती, आणि ती नावे त्या दिवशी एकामागून एक मोठ्याने वाचली गेली. इंग्रजीतल्या ‘क्विल्ट’साठी आपण ‘गोधडी’ लिहिलेत. गेलेल्या माणसाचे कपडे जपून शिवलेली वस्तू, हा सगळा अर्थ त्या एका शब्दात आपोआप आला. शिवाय वाचले जाणारे प्रत्येक नाव देवनागरीत आलेच पाहिजे, असा आपला आग्रह होता. एवढ्या परक्या नावांची सबटायटल्स कोण वाचणार, असे मी विचारले होते. त्याबद्दल मी आज आपली क्षमा मागतो.

कारण नेमक्या त्याच दृश्यात आवाज बंद पडला. आम्ही तारा तपासायला धावलो. अंधारात पडद्यावर गोधडीचे तुकडे सरकत होते आणि खाली आपण लिहिलेली नावे येत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी एक नाव मोठ्याने वाचले, मग पुढचे, आणि मग त्याच्या पुढचे. आवाज वयस्क आणि थोडा कापरा होता. चौथ्या-पाचव्या नावाला त्यात एका मुलीचा आवाज मिसळला, मग आणखी काहींचा. आवाज परत आला तेव्हा मी यंत्रापाशी होतो आणि तो लगेच वाढवणे माझ्याच्याने झाले नाही; दृश्य संपेपर्यंत मी तो बंदच ठेवला.

ज्यांनी वाचायला सुरुवात केली ते गृहस्थ नंतर बराच वेळ थांबले. आपले दोन मित्र त्याच आजाराने गेले आणि त्यांची नावे चारचौघांत घेण्याची वेळ कधी आलीच नाही, असे त्यांनी आम्हांला सांगितले. त्यांनी ती नावे घेतली. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने त्यांना विचारून ती लिहून घेतली.

आपण परवानगी दिलीत, तर ही सबटायटल्स इतर गटांनाही द्यावीत असे आमच्या मनात आहे. आपले नाव अर्थातच कुठेही येणार नाही. आपली वही या पत्रासोबत परत पाठवीत आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर त्या गृहस्थांनी आपल्यासाठी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत. त्या मी वाचलेल्या नाहीत.

आपला कृतज्ञ,
संयोजक गटातील एक कार्यकर्ता