गोष्ट एकच, पण घरातली

महोदय,
ज्यू समाजाची ओळख करून देणारे वक्ते अनेकदा ज्यूंचा आद्यपुरुष अब्राहमपासून सुरुवात करतात. वीस मिनिटं संपतात, इतिहास संपत नाही आणि श्रोते केव्हाच हरवलेले असतात. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा: शुक्रवारची संध्याकाळ, सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लावायची घाई, दुधाच्या भांड्यात चुकून मांस पडल्यावर उडालेली तारांबळ. ‘शब्बाथ’ (शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस), ‘कोशर’ (दूध-मांस वेगळं ठेवण्यासारखे खाण्याचे धार्मिक नियम पाळलेलं) हे शब्द त्यातच उलगडतात, वेगळी व्याख्या लागत नाही. सात-आठ मिनिटं पुरेत; उरलेला वेळ प्रश्नांना. ‘ज्यू असं मानतात’ऐवजी ‘आमच्या घरी असं करतात’ म्हणावं, कारण प्रथा घराघरांत बदलतात. इस्रायलच्या राजकारणावर प्रश्न येणारच (बहुधा पहिलाच!), त्याचं दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेवावं. पाठांतर फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचं.