निळी फाइल राहिली

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटल्यावर घरी आले, तर तुझी दवाखान्याची निळी फाइल चपलांच्या कपाटावर. विसरलास की मुद्दाम ठेवलीस, विचारत नाही. पुणे स्टेशनावर चार लोकांत मी आवाज चढवला, ते चुकलंच. ‘चोवीस वर्षांचा आहे मी,’ म्हणालास. आहेस. म्हणून डोळ्यांचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसले.

आज छोटा खल घासला. बुडाशी अजून पिवळट डाग आहे. तू तान्हा असताना वर्षभर त्यात तुझ्या टॉक्सोप्लाझ्मा जंतूवरच्या गोळ्या कुटल्या. पायरिमेथामाइन, सल्फाडायझिन, वर फोलिनिक अ‍ॅसिड. चमचा दिसला की तू ओठ घट्ट मिटायचास. औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून सारखं रक्त काढायचे. तेव्हा आप्पा जिन्यात जाऊन उभे राहायचे.

जन्मलास तेव्हा गुटगुटीत होतास, बघून कुणाला शंका आली नसती. तू पोटात असताना, सातव्या महिन्यात, माझ्या मानेला गाठी आल्या, कणकण होती. उष्णता म्हणून मी अंगावर काढलं, आणि जंतू माझ्यातून तुझ्यात गेला. ते अजून टोचतं. आजींनी वाड्यातल्या मनीवर खापर फोडलं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा मातीत जातो, खरं. पण मी कुंड्यांची माती हातानेच उकरायचे, मंडईतला मुळा पदराला पुसून खायचे. कुठून आला, कोण सांगणार? मनी मात्र गेली.

डोक्यात पाणी साचू शकतं असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून शिवणाच्या टेपने तुझं डोकं मोजायचे. हिशेबाच्या वहीत, दुधाच्या रतिबाखाली, ते आकडे अजून आहेत. आणि तू पुढे त्याच डोक्याने इंजिनिअर झालास!

पण डाव्या डोळ्याच्या पडद्यावरचा डाग आहेच रे. त्यात जंतू निजलेला असतो, विशी-तिशीतही उठतो. धूसर दिसलं, काळे ठिपके तरंगले, तर ‘कॉम्प्युटरमुळे असेल’ म्हणत बसू नकोस. लगेच डॉक्टर गाठ, बाहुली मोठी करून पडदा बघायला सांग. नुसत्या चष्म्याच्या नंबरावर भागत नाही.

झालं माझं सुरू. रागावू नकोस.

बंगळुरूच्या पत्त्यावर पार्सल पाठवतेय. लाडू वरच ठेवणार होते. आता फाइल वर ठेवलीय, लाडू तिच्याखाली.

आई