पडल्यावर पाच लाख, पडू नये म्हणून काहीच नाही

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पेपरात ज्येष्ठांसाठी योगा, डाएट, गुडघ्याचं ऑपरेशन यावर सतत काहीतरी येत असतं, पण ऑक्युपेशनल थेरपीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्या ग्वाल्हेरला कुणाला विचारलं तर म्हणतात, हो हो, लकवा मारल्यावर हाताचे व्यायाम करून घेतात ते ना! तेही करतात, नाही असं नाही. पण ढोबळमानाने सांगायचं तर फिजिओ सांधे आणि स्नायू बघतो आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतो की या माणसाला रोज काय काय करायचंय, अंघोळ, स्वयंपाक, बाड्यावरच्या बाजारात जाऊन भाजी आणणं, आणि ते नेमकं कुठे अडतंय, शरीरात अडतंय का घरात. हे सगळं लकवा मारायच्या आधी, माणूस चालता-फिरता असतानाच सुरू व्हावं एवढंच माझं म्हणणं आहे.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाहीये. अमेरिकेत लॉस एंजेलिसला साठीपुढच्या, आपलं आपण करून स्वतंत्र राहणाऱ्या ३६१ लोकांवर एक अभ्यास झाला, १९९७ मध्ये तिथल्या जामा या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तीन गट केले होते, एकाला नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी, दुसऱ्याला नुसते गमतीजमतीचे सामाजिक कार्यक्रम आणि तिसऱ्याला काहीच नाही. थेरपीवाल्यांची तब्येत, कामं करायची ताकद, मनाची उभारी दुसऱ्या दोन्ही गटांपेक्षा बरी राहिली, आणि कार्यक्रम संपून सहा महिने झाले तरी बराचसा फायदा टिकून होता. पण मला त्यातली खरी गंमत दुसऱ्या गटाची वाटते, कारण गमतीजमतीवाल्यांमध्ये आणि काहीच न मिळालेल्यांमध्ये म्हणण्यासारखा फरकच पडला नाही! आमच्या मंडळात हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, अहो आपल्याकडे भजन आहे, कोजागिरी आहे, सहल आहे, आणखी काय पाहिजे. भजन जरूर करा, मीही टाळ घेऊन बसतो, पण त्याने बाथरूममध्ये पाय घसरायचा थांबत नाही. इंग्लंडमध्ये तर २००८ मध्येच सरकारी आरोग्य मार्गदर्शनात म्हातारपणी मन ठीक राहावं म्हणून ऑक्युपेशनल थेरपीची शिफारस केली गेली.

आता आपली घरं बघा. आमच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांचे दगडी जिने ज्यांनी चढलेत त्यांना सांगायला नको, एक पायरी वीतभर तर दुसरी दीड वीत, धरायला काही नाही, वळणावर अंधार. न्हाणी चौकाच्या पलीकडे, तिथली फरशी कायम ओली, बसायला चार बोटं उंचीचा पाट, आणि जानेवारीत कोहरा पडलेला असताना पहाटे पाच वाजता आजींना तिथेच जायचं असतं. यात थेरपिस्ट फार काही जादू करत नाही, पायरीच्या कडेला पिवळ्या पेंटचा पट्टा, न्हाणीत भिंतीला पक्की दांडी, पाटाऐवजी उंच स्टूल, दिव्याचं बटण पलंगाजवळ. कॉक्रेन म्हणून जगभरातले अभ्यास तपासणारी संस्था आहे, तिच्या २०२३ च्या आढाव्यात घरातले असे धोके काढल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि आधी पडलेल्या किंवा रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या लोकांत तर ३८ टक्क्यांनी. ज्यांना तसा काही धोका नव्हता त्यांच्यात मात्र फरक दिसला नाही, म्हणून सरसकट घरोघरी दांड्या ठोकत सुटू नका, गेल्या वर्षभरात जे एकदा तरी पडलेत त्यांच्यापासून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपल्याकडे सत्तरी ओलांडली की घरचे प्रेमाने म्हणतात, आई तुम्ही बसा आता. बसा, बसा करत तिच्या हातातलं एकेक काम जातं, मग ती खरंच बसते आणि वर्षभरात उठणं अवघड होतं. आमच्या शेजारच्या काकू होळीच्या पुरणपोळ्या एकट्या लाटायच्या, आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून सुनेने पोळपाटच काढून घेतला. थेरपिस्ट असता तर म्हणाला असता, पोळपाट ओट्यावर ठेवा, काकूंना उंच स्टूलावर बसवा, सगळ्या नको पण पाच-सहा लाटू देत. इथल्या मांढऱ्यांच्या मातेच्या देवळाच्या पायऱ्या ज्यांनी सोडल्यात त्यांनाही तो आधी विचारेल की परत जावंसं वाटतं का, आणि वाटत असेल तर किती पायऱ्यांनंतर थांबायचं, काठी कुठल्या हातात धरायची, सोबत कोण येईल, इथपासून आखणी करेल.

पैशाचं म्हणाल तर मी एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या खात्यातून, रिटायर झालेला, खर्च कुठल्या खात्यात टाकलाय ते बघायची सवय जात नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला घरटी पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी अॅडमिट व्हावं लागतं, म्हणजे खुब्याचं हाड मोडलं तर सरकार देणार आणि मोडू नये म्हणून दांडी बसवायची तर खिशातून.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न आहेच, ग्वाल्हेरात असे थेरपिस्ट शोधावे लागतात. पण हा पेशा भारतात मराठी मुलखातूनच सुरू झाला, १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी पहिलं शिक्षण सुरू केलं, आणि डॉक्टरांशिवायच्या आरोग्य पेशांसाठी झालेल्या २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात तो रीतसर मोजलाही गेलाय. आपल्या कित्येकांची पोरं-सुना पुण्या-मुंबईत हेच शिकलीत, सुट्टीत येतात तेव्हा दोन दुपारी मागून तर बघू. आणि कायमचं म्हणून नगर निगमने संजीवनी क्लिनिकांमध्ये, म्हणजे वस्त्यांमधल्या सरकारी दवाखान्यांमध्ये, मिळून एक जरी थेरपिस्ट फिरता ठेवला, एक दिवस क्लिनिकमध्ये आणि बाकी दिवस घरं बघायला, तरी सुरुवात होईल. मंडळांचे हॉल दुपारी रिकामेच असतात, आमच्या अध्यक्षांना मी विचारून ठेवलंय, ते चावी द्यायला तयार आहेत, फक्त पंख्याचं बिल कोण भरणार यावर अजून चर्चा चालू आहे.

आपला,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर