गळ टाकण्याआधी गावाला विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि भंडारदरा येथील धबधब्यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरून लिहिले जाते. पाऊस ओसरल्यावर दसऱ्यापासून होळीपर्यंत याच परिसरातील धरणांच्या काठी गळ घेऊन बसणाऱ्या हौशी नाशिककरांविषयी मात्र क्वचितच काही छापून येते. फिरकीची दांडी आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आता घरबसल्या मागवता येत असल्याने या छंदाकडे वळणारी तरुण मंडळी वाढत आहेत, असे मला दिसते. त्यांनी कुठे जावे आणि तिथे गेल्यावर कसे वागावे, या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या पसंतीत पहिला मान घोटीचा. इगतपुरीला थंड हवा आणि रिसॉर्ट असली तरी सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. भातगिरण्यांचे घोटी हे बाजाराचे गाव; पहाटे चहा मिळतो, दुपारी साधे जेवण मिळते आणि दारणा, मुकणे, भावली, वैतरणा यांपैकी कोणत्याही जलाशयाकडे तिथून वळता येते. दारणा धरण १९१६ सालचे. शेतीला आणि पिण्याला पाणी सोडले जाते तसतसा त्याच्या फुगवट्याचा काठ मागे सरकतो, त्यामुळे दिवाळीत सापडलेली बसण्याची चांगली जागा माघात कोरडी पडलेली असते आणि प्रत्येक महिन्यात काठ नव्याने वाचावा लागतो. या छंदाची खरी गोडी मला त्यातच वाटते. कटल्याचे तोंड वर वळलेले असल्याने तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या पाण्यात असतो आणि मृगळ तळाशी. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या बोयऱ्याखाली तंगूस किती सोडायची, यावरच निम्मा निकाल ठरतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की हे मासे सुस्तावतात, आमिषाला तोंड लावत नाहीत, आणि पहाटे कुडकुडत जाऊन बसण्यापेक्षा ऊन चढल्यावर गेलेले बरे.

वणी-नांदुरीच्या पुढे कळवण तालुक्यातील अभोणा हे दुसरे गाव. जवळच गिरणेवरचे चणकापूर धरण आहे, १९११ साली बांधलेले. नाशिकहून अंतर जास्त असल्याने तिथे गर्दी कमी, आणि गर्दी नसणे हे गळ टाकणाऱ्यासाठी आमिषाइतकेच मोलाचे असते. तिसरे नाव घ्यायचे ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील शेंडीचे. तिथले प्रवरेवरील विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा, १९२६ मध्ये पूर्ण झाले, त्यामागचा आर्थर जलाशय देखणा आहे. पण काजवे आणि तंबूंच्या हंगामात तिथे शांतता मिळत नाही, तेव्हा शेंडीला जायचे तर आडवारी जावे.

वाहत्या पाण्यात गळ टाकण्याची हौस असेल तर गोदाकाठचे सायखेडा आणि चांदोरी जवळ आहेत, पण त्यांची शिफारस मी हातचे राखूनच करतो. नाशिक शहराचे सांडपाणी घेऊन गोदावरी तिथवर पोहोचते आणि पात्रावर पानवेलींचा थर असतो. त्यात गळ अडकतो आणि पकडलेला मासा घरी शिजवावा का, हाही प्रश्न पडतो. शिवाय नाशिकला गोदेच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली असेल, तर त्या दिवसांत खालच्या गावांत नदीच्या जवळपासही फिरकू नये. त्याहून खाली, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य असून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे. तिथे दुर्बीण न्यावी, दांडी नेऊ नये. पक्षी पाहायला येणाऱ्या काही गाड्यांत गळ ठेवलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आता मुख्य मुद्दा. धरणातला मासा कुणाच्याच मालकीचा नाही, असा बहुतेक शहरी हौशी मंडळींचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये आपल्या देशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन करण्यात यश आले, तेव्हापासून केंद्रांत मत्स्यबीज तयार करून, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, वाढवून ती जलाशयांत सोडण्याची पद्धत रुळली. बहुतेक जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात आणि अनेक ठिकाणी तो ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ठेक्याची रक्कम तीच भरते, बोटुकलीही तीच विकत घेऊन सोडते. म्हणजे आपण रविवारी मजेखातर ओढून काढलेला चार किलोंचा कटला हे कुणीतरी पैसे घालून पेरलेले पीक असते. द्राक्षाच्या बागेत शिरून घड तोडणाऱ्याला नाशिकमध्ये काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

म्हणून काठावर पोहोचल्यावर आधी ठेका कुणाचा आहे याची चौकशी करावी, भोई किंवा कोळी बांधवांपैकी जो कुणी होडीवर असेल त्याला विचारावे आणि संस्था सांगेल ती रक्कम द्यावी. अडचण अशी की असे पैसे द्यायची तयारी असूनही ते कुणाला आणि किती द्यायचे, हे सहसा कुठे लिहिलेले नसते. एका ठिकाणी आमच्याकडून पैसे घेणाऱ्या गृहस्थांनी पावती मागताच काढता पाय घेतला. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि संस्थांनी मिळून एक दिवसाचा परवाना सुरू करावा आणि धरणाच्या रस्त्यावर त्याचा मराठी फलक लावावा, अशी माझी मागणी आहे. त्या फलकावर दर, एका माणसाला किती दांड्या आणि किती मासे चालतील आणि किती लहान मासा परत सोडायचा, एवढे असले तरी पुरे. यातून संस्थेला चार पैसे मिळतील आणि ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग वापरून पाणी नासवणाऱ्यांवर काठावरच्या अनेक डोळ्यांची नजर राहील.

परवाना नसला तरी काही पथ्ये आजपासूनच पाळता येतील. समुद्रात यांत्रिक बोटींना जून आणि जुलै बंद असतो. आपण हौशी लोकांनी गोड्या पाण्यातही तेवढे दिवस, जमल्यास ऑगस्टही, दांडी गुंडाळून ठेवावी. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. त्याच काळात मरळीची जोडी आपल्या लालसर पिल्लांच्या थव्याभोवती राखण करते आणि जवळ येईल त्यावर धावून जाते, त्यामुळे ती गळाला सहज लागते. ती काढली तर पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही. खडस, म्हणजे महाशीर, लागला तर कोणत्याही ऋतूत तो सोडूनच द्यावा. सह्याद्रीच्या नद्यांमधून तो इतका घटला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्ले ठिकठिकाणी सोडावी लागली. चिलापीला मात्र ही दयामाया लागू नाही. १९५२ मध्ये बाहेरून आणलेला हा मासा आता सर्वत्र माजला आहे; तो हवा तेवढा न्यावा, शिवाय तळून उत्तम लागतो. तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, बगळ्यांच्या पायांत ती अडकते.

आपल्या दैनिकात पावसाळ्यात धरणांतील साठ्याची चौकट रोज छापली जाते. पाऊस संपल्यावर महिन्यातून एकदा त्याच जागी, कोणता जलाशय कोणत्या संस्थेकडे आहे आणि हौशी मासेमारीला तिथे परवानगी आहे की नाही, ही माहिती विभागाकडून मिळवून आपण छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड