वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण घरी बोलावून आभार मानले असते तर तुम्ही नेहमीप्रमाणे ‘असू दे की’ म्हणत विषय मिटवला असता आणि तुम्ही जे केलेत ते आपल्या दोघींपुरतेच राहिले असते. तुमचे नाव मी येथे घालत नाही, माझेही घालत नाही. आपण मंगळवार पेठेत राहतो, एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल.

वयात येताना माझ्या छातीची डावी बाजू वाढलीच नाही, हे आईखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. सोळा वर्षे मी डावीकडे घडी घातलेला रुमाल ठेवून वावरले. पावसाळ्यात बसस्टॉपवर भिजले की तो रुमाल पाणी पिऊन जड व्हायचा, सरकायचा, आणि मग पेढीवर दिवसभर एका हाताने ओढणी सावरत दुसऱ्या हाताने हिशेब लिहावे लागायचे. भिशीचे पैसे आणि साठवलेला बोनस एकत्र करून अखेर या जानेवारीत मी शस्त्रक्रिया करून घेतली. दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले, डावीकडे मोठ्या मापाचे आणि उजवीकडे लहान. निर्णय माझा होता आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

बाहेरगावच्या ज्या क्लिनिकमध्ये ती झाली, तेथील डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या मौनाबद्दल. शस्त्रक्रियेआधी मापे, फोटो आणि हप्ते यांवर तासन्‌तास बोलणे झाले. नंतरच्या दिवसांसाठी मात्र इंग्रजीतला आठ ओळींचा एक कागद आणि ‘तीन दिवसांत कामाला लागाल’ हे एक वाक्य मिळाले. चौथ्या दिवशी मी कोल्हापुरात घरी होते. छाती दगडासारखी घट्ट, कातडी चकाकेपर्यंत ताणलेली, दोन्ही इम्प्लांट जवळजवळ गळ्याच्या हाडापर्यंत चढलेले, आणि कूस वळवली की आतून घागरीत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येई. घाबरून फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी सांगितले, ‘हौसेनं करून घेतलंय, तर थोडं सोसायला नको का?’ आणि फोन ठेवला. त्या वाक्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. सिलिकॉनचे इम्प्लांट पहिल्यांदा अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६२ साली बसवले गेले. साठ वर्षांहून अधिक काळ जगभरच्या बायकांनी हा चौथा दिवस काढला आहे, तेव्हा तो कसा असतो हे त्या क्लिनिकमध्ये कोणालाच ठाऊक नसावे, हे मला पटत नाही. सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, एवढेच.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग ओलसर वाटले म्हणून आईने मला रिक्षात घालून तुमच्या दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी टाके पाहिले, पू नाही आणि ताप नाही असे सांगितले, आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. तुम्ही पडदा ओढलात आणि स्टूल घेऊन माझ्यासमोर बसलात. हे का केले, कोणासाठी केले, किती पैसे लागले, यांतले काहीही तुम्ही विचारले नाही. तरी मीच खाली मान घालून पुटपुटले की मी हे हौसेने केले आहे. तुम्ही चिकटपट्टी कापत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘जखमेला हौस कळत नाही, बाई. हात जरा खाली ठेवा.’

मग तुम्ही स्वतःच्या छातीवर तळवा ठेवून मला समजावलेत. छातीचा मोठा स्नायू उचलून इम्प्लांट त्याच्याखाली बसवले आहेत, म्हणून दगड ठेवल्यासारखे वाटते. तो स्नायू सैल व्हायला काही आठवडे लागतात आणि आकार खाली उतरून जागेवर यायला तीन ते सहा महिने धरावेत. डावीकडची कातडी पूर्वी कधी ताणलीच गेली नव्हती, त्यामुळे ती बाजू उजवीच्या मागे राहील, तेव्हा रोज आरशासमोर तुलना करीत बसू नये. आवाज येतो तो आत राहिलेल्या हवेचा आणि पाण्याचा. शरीर ते हळूहळू शोषून घेते. विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, ती नसा जाग्या होत असल्याची खूण. स्तनाग्रांची बधिरता महिनोन्‌महिने टिकू शकते आणि काही जणींच्या बाबतीत ती पूर्ण जात नाही, हेही तुम्ही लपवले नाहीत. चांगलेच तेवढे सांगितले असते तर बाकीच्यावर माझा विश्वास बसला नसता.

कशाची वाट न पाहता धावत यायचे, तेही तुम्ही बोटांवर मोजून दाखवलेत: एकच बाजू काही तासांत फुगून टणक झाली तर, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर, लाली पसरत चालली किंवा टाक्यांतून पू आला तर, पोटरी दुखून सुजली किंवा श्वास लागला तर. त्या रात्री, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा, मी घड्याळाकडे न पाहता झोपले.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ती गोष्ट त्याच दिवशी संध्याकाळी घडली. किरणोत्सवाचे दिवस होते. मावळतीची किरणे अंबाबाईपर्यंत पोहोचतात ती पाहायला महाद्वारात माणसांची दाटी झाली होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत, ड्युटी संपवून, मी विसरलेली औषधांची चिठ्ठी द्यायला तुम्ही आमच्या घरी आलात. आईने चहाचे आधण ठेवले. तिचे गुडघे धरलेले असल्याने ती स्टुलावर चढत नाही, म्हणून साखरेच्या डब्यासाठी मी फळीकडे हात नेला. तो खांद्याच्या वर जाईना. छातीत चमक आली आणि मी ओटा धरून उभी राहिले.

तुम्ही पर्स खुंटीला अडकवलीत आणि स्टूल ओढलेत. चहा, साखर, मीठ, हळद, डाळी आणि कांदा-लसूण चटणीची बरणी असे एकेक करून सारे खाली उतरवलेत आणि ओट्यावर माझ्या कोपराच्या उंचीला भिंतीशी ओळीने मांडलेत. मग प्रत्येक झाकण अर्धा वळसा फिरवून सैल केलेत. ‘घट्ट लावू नका,’ एवढेच म्हणालात, ‘झाकण फिरवायला छातीचाच स्नायू लागतो.’ भरलेली कळशी अर्धी रिकामी केलीत. सगळे मिळून सात-आठ मिनिटे लागली असतील. नंतर बसून तुम्ही चहा घेतलात आणि आईशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोललात. तुम्ही गेल्यावर मी त्या सैल झाकणांकडे पाहत कितीतरी वेळ रडत होते.

ते रडणे पुढे दोन-तीन दिवस चालले, आणि त्याचेही कारण तुम्हीच सांगितलेत की भूल, सूज, वेदनाशामक गोळ्या आणि मोडलेली झोप यांमुळे पहिल्या आठवड्यात मन असे खचू शकते, आणि शस्त्रक्रिया चुकली असा त्याचा अर्थ नसतो. गोळ्यांनी पोट धरले तेव्हा पाणी, पपई आणि रात्री इसबगोल. पाठीमागे लोड आणि त्यावर दोन गोधड्या रचून उताणे, उतरत्या पाठीने झोपणे. सर्जिकल ब्रा दिवस-रात्र, आणि तारेची ब्रा सहा आठवडे नाही. दोन किलोच्या तांदळाच्या पुड्याहून जड काही उचलायचे नाही, त्यामुळे चार वर्षांच्या भाच्याला मी खाली बसूनच कुशीत घ्यायला शिकले. गोळ्या बंद होऊन ब्रेक दाबताना आणि हँडल वळवताना कळ येत नाही तोवर स्कूटर नाही. पेढीवर मी दहाव्या दिवशी गेले, खुर्चीतले काम म्हणून जमले. माझी गाठ काढली असे आईने शेजाऱ्यांना सांगितले होते आणि मीही ते तसेच राहू दिले.

टाके बरे झाल्यावर तुम्ही मला क्लिनिककडून इम्प्लांटचे कार्ड मागवायला लावलेत. कंपनी, माप, पृष्ठभाग आणि अनुक्रमांक लिहिलेले ते कार्ड आता रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतात, हे वाक्य मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सुचवल्याप्रमाणे, सिलिकॉन आतल्या आत फुटले आहे का हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर ती अंगावर काढायची नाही, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा जातीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला आहे. माझ्या कार्डावर गुळगुळीत असे लिहिले आहे हे तुम्ही दोनदा वाचून दाखवलेत. पुढे कधी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, वेळ आली तर आधी तंत्रज्ञाला इम्प्लांटबद्दल सांगायचे, हे मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

त्या दिवशीच्या रिक्षावाल्या मामांचेही आभार मला मानायचे आहेत. मी छातीशी हात धरून बसले आहे एवढे पाहून त्यांनी प्रत्येक गतिरोधकाआधी रिक्षा जवळजवळ थांबवली आणि एक प्रश्नही विचारला नाही. तुम्ही आणि ते, दोघांनीही माझे दुखणे पाहिले आणि त्याची फोड मागितली नाही. नात्यातल्या आणि शिकल्यासवरलेल्या कितीजणांना हे जमत नाही, ते मी या सहा महिन्यांत पाहिले.

माझे आता बरे आहे. डावी बाजू चौथ्या महिन्याच्या अखेरीस खाली उतरली. स्तनांखालच्या घडीतले व्रण अजून लालसर आहेत. ते फिके पडायला वर्ष-दीड वर्ष लागेल असे तुम्ही सांगितले होते, त्यामुळे मी निर्धास्त आहे. उजवीकडे बोटभर जागा अजून बधिर आहे. मागच्या आठवड्यात बसस्टॉपवर मी चिंब भिजले, आणि पेढीवर पोहोचून ओढणी पिळून खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली.

डाळी, हळद आणि बरणी मी परत फळीवर ठेवल्या आहेत. चहा-साखरेचे डबे मात्र तुम्ही मांडलेत तेथेच आहेत, झाकणे सैल. आई विचारते आहे की रविवारी तुमची ड्युटी किती वाजता सुटते.

तुमची,
पाचव्या दिवशीची पेशंट